तो पडला नव्हता, उतरला होता : एनसीआरबीला खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : राज्याचे गृह, कृषी आणि सार्वजनिक आरोग्य विभाग, तसंच राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, पुणे

स. न. वि. वि.

मे 2023 मध्ये माझा धाकटा भाऊ शेततळ्यात बुडून गेला. वय 34. तुमचा 2023 सालचा अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा अहवाल आला सप्टेंबर 2025 संपता संपता, म्हणजे त्याचं दुसरं वर्षश्राद्ध होऊन पण चार महिने उलटले होते. अहवाल आल्याचं बातम्यांत बघितलं आणि रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर ती पीडीएफ उघडून बसलो, माझा भाऊ त्यात कुठे आहे ते शोधायला. नाव नसतं हे मला माहीत आहे. पण तो ज्या प्रकारे गेला त्या प्रकारची एक ओळ तरी असेल असं वाटलं होतं. नाही सापडली. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे आणि आता लिहितोय. मराठीत लिहितोय कारण माझ्यासारखी घरं इकडे गावोगाव आहेत आणि त्यांनी पण हे वाचावं असं मला वाटतं.

आधी काय झालं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव सिन्नर तालुक्यात, पावसाचा भरवसा नसलेला भाग. घरचं शेततळं आहे, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. ज्यांनी असं तळं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, चारही बाजूंनी उतार असतो, त्यावर तो काळा कागद, पाणी मुरू नये म्हणून, आणि पाण्याखाली त्या कागदावर शेवाळ धरतं. त्या उतारावर पाय ठरतच नाही. आत उतरलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी बाहेर येता येत नाही, कारण धरायला काही नसतं, हात लावला की सरकतो, पाय लावला की सरकतो, आणि असं दहा-पंधरा मिनिटं केलं की चांगला धडधाकट माणूस दमतो. माझा भाऊ लहानपणापासून विहिरीत पोहलेला होता. त्या दिवशी डाळिंबाला पाणी द्यायचं होतं, मोटर सुरू होती पण पाणी ओढत नव्हती, फुटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पाण्यातल्या पाइपच्या टोकाच्या, चाळणीला शेवाळ गुंडाळलं असणार म्हणून तो साफ करायला आत उतरला. दोर बांधून उतरायचा नेहमी. त्या दिवशी दोर कुणीतरी शेजारच्या रानात बैल बांधायला नेला होता. भावजय जेवणाचा डबा घेऊन गेली तेव्हा काठावर त्याच्या चपला आणि मोबाईल होता.

मी नाशिकला कंपनीत नोकरीला आहे, मला पोचायला दीड तास लागला. तोपर्यंत पंचनामा उरकत आला होता. आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद झाली, जिला सगळे ए.डी. म्हणतात. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं, आता 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 आहे, कागद तोच. त्यात लिहिलं गेलं, "पाय घसरून पाण्यात पडून बुडून मयत." मी तिथंच म्हणालो की साहेब, पाय घसरला नाही हो, तो कामासाठी उतरला होता. तर मला सांगितलं गेलं की दोन्ही एकच, शेवटी बुडूनच गेला ना, उगाच वेगळं लिहिलं तर तुम्हालाच पुढे क्लेमला त्रास होईल. घरात मयत पडलेलं, बाहेर माणसं जमलेली, मी सही केली. त्या सहीचा मला आजही त्रास होतो. ज्यांनी लिहिलं त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडे त्या आठवड्यातली ती कितवी ए.डी. असेल कुणास ठाऊक, आणि त्यांच्या फॉर्ममध्ये वेगळं लिहायला जागाच नव्हती. ती जागा का नव्हती, हाच प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आलोय.

तुमच्या अहवालात बुडून मृत्यूच्या खाली तीन पोटप्रकार आहेत. बोट उलटून, चुकून पाण्यात पडून, आणि इतर. 2022 मध्ये देशात 38,503 माणसं बुडून गेली असं तुमचंच पुस्तक सांगतं, म्हणजे रोजची शंभरावर. त्यातली किती विहिरीत, किती नदीत, किती तळ्यात, किती धरणाच्या कालव्यात, किती घरातल्या हौदात, यातलं काहीच कळत नाही. पोरं किती होती ते कळतं, बायका किती ते कळतं, पण कुठल्या पाण्यात आणि काय करताना, ते नाही. आता मला सांगा, जिल्ह्याच्या कलेक्टरने हा आकडा वाचून करायचं काय? नदीघाटावर जीवरक्षक नेमायचे, का विहिरीला कठडे बांधायचे, का शेततळ्यांना कुंपण घालायचं? तिन्ही कामं वेगळी, पैसा वेगळा, खातं वेगळं.

राज्याने 2016 मध्ये "मागेल त्याला शेततळे" आणलं, पन्नास हजारापर्यंत अनुदान होतं, आणि त्याने आमच्या भागात खरंच फरक पडला हे मी स्वतः बघितलंय, टँकरवर जगणारी बाग तळ्यावर जगली. म्हणून कुणी मला असं म्हणू नये की हा शेततळ्याच्या विरोधात लिहितोय. पण सरकारी योजनेतून हजारो तळी होतात, त्यात माणसं बुडतात, पेपरात जिल्हा पानावर चार ओळींची बातमी येते, बापाला वाचवायला गेलेला मुलगा, शाळेतून येताना उतरलेली दोन भावंडं, आणि या सगळ्याची देशाच्या पातळीवर मोजणी शून्य. कारण तुमच्या तक्त्यात शेततळं नावाची गोष्टच नाही.

आणि यातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं सांगतो. तुमच्या अपघातांच्या यादीत कारखान्यातल्या आणि यंत्राच्या अपघाताला रकाना आहे. खाणीतल्या अपघाताला आहे. शेताला नाही. आत्महत्यांच्या तक्त्यात माणसाचा व्यवसाय विचारला जातो, शेतकरी, शेतमजूर, रोजंदारीवाला, गृहिणी. अपघाताच्या तक्त्यात तो विचारलाच जात नाही. म्हणजे शेतकऱ्याने जीव दिला तर तो शेतकरी म्हणून मोजला जातो, आणि शेतातलं काम करताना जीव गेला तर नुसता 30 ते 45 वयोगटातला पुरुष. माझा भाऊ कामावर असताना गेला. मी कंपनीत मशिनवर गेलो असतो तर चौकशी बसली असती, कारखाना निरीक्षक आला असता, पुढच्या माणसासाठी त्या मशिनला गार्ड बसलं असतं. भाऊ गेला त्या तळ्यात चौथ्या दिवशी मीच मोटर चालू करायला उभा होतो, कारण बाग जळत होती. दोर तेवढा नवीन आणला होता.

असं वेगळं मोजताच येत नाही असंही नाही. जगभर दवाखान्यांत मृत्यूच्या कारणांना कोड देण्याची जी पद्धत वापरतात, आयसीडी-10, तिच्यात बाह्य कारणांचं अख्खं वेगळं प्रकरण आहे. त्यात प्रत्येक अपघाताला घटना कुठे घडली याचा एक आकडा जोडता येतो, घर, शाळा, रस्ता, कारखाना, आणि 7 नंबरला शेत. त्याच्याशिवाय माणूस तेव्हा काय करत होता याचाही आकडा आहे, खेळत होता का, पोटासाठी काम करत होता का. म्हणजे माझ्या भावाला अगदी नेमका बसणारा खण कितीतरी वर्षांपासून तयार आहे. आपण तो भरत नाही एवढंच.

दवाखान्याच्या बाजूनेही रडगाणं तेच. नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू 2021 मध्ये देशात 23.4 टक्के होते. म्हणजे चारात एकालाही नाही. आपल्या शेजारी गोव्यात जवळपास सगळ्या नोंदलेल्या मृत्यूंना डॉक्टरी कारण असतं, म्हणजे जमतं. आणि जिथे लिहितात तिथे पण बाह्य कारणांचं फार वाईट होतं, कारण डॉक्टर शरीराला काय झालं ते लिहितो, कशाने झालं ते नाही. "हेड इंजुरी." अहो पण कशाने? टूव्हीलरवरून, नारळाच्या झाडावरून, स्लॅबवरून, का मारहाणीत? "कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट" हे तर कुणालाही लागू होतं, मरताना हृदय आणि श्वास सगळ्यांचाच थांबतो. भावाच्या पीएम रिपोर्टवर बुडून हे कारण आलं पण सोबत व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, राखून ठेवला असाही शेरा आला, आणि त्या एका शेऱ्यावर भावजयीचा अर्ज तालुक्याला अकरा महिने अडकला. अर्ज गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा, दोन लाखांचा. पैसे शेवटी मिळाले, मदत झाली, नाही म्हणत नाही. पण हे अर्ज करताना माझ्या लक्षात आलं की या योजनेकडे अख्ख्या राज्यातल्या शेतकऱ्यांच्या अपघाती मृत्यूंचे कागद जमा होतात, बुडून, साप चावून, शॉक लागून, वीज पडून, पंचनाम्यासकट. यापेक्षा चांगली माहिती कुठे मिळणार आहे? ज्या नेत्याचं नाव या योजनेला आहे ते स्वतः 3 जून 2014 ला दिल्लीत रस्ता अपघातात गेले. त्या नावाने जमलेल्या फायलींतून पुढचे मृत्यू कसे थांबवायचे हे कुणीतरी शोधायला हवं होतं.

आता सापाचं बघा. तुमच्या पुस्तकात सर्पदंशाने दरवर्षी दहा हजारांच्या आसपास मृत्यू दिसतात. जनगणना आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी बघणाऱ्या भारताच्याच महानिबंधक कार्यालयाच्या मदतीने जो मिलियन डेथ स्टडी झाला, ज्यात घरोघर जाऊन नातेवाइकांना विचारून मृत्यूचं कारण ठरवलं, त्याच्या आधारे 2020 मध्ये आलेला अभ्यास सांगतो की 2000 ते 2019 या वीस वर्षांत बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी 58 हजार. तुमच्या आकड्याच्या जवळपास सहापट. बाकीची गेली कुठे? ती घरी गेली, मांत्रिकाकडे गेली, वाटेत गेली, पोलिसात कुणी कळवलंच नाही म्हणून तुमच्या मोजणीत आलीच नाहीत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आख्खं आयुष्य विंचू आणि सापाच्या रुग्णांत घालवलं, कोकणातला विंचूदंशाचा मृत्यू त्यांच्या उपचारामुळे किती खाली आला हे जग मानतं, आणि त्याची सुरुवात त्यांनी एकेका रुग्णाची नीट नोंद ठेवण्यापासूनच केली होती. केंद्राने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणतात, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार करा असंही कळवलं. चांगलंच आहे. पण निम्मे म्हणजे दहा हजारांचे निम्मे का 58 हजारांचे निम्मे?

आणि साप चावतो केव्हा, तर रात्री मोटर चालू करायला गेल्यावर. आमच्याकडे वर्षानुवर्षं शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच असायची, आता सौर फीडरमुळे कुठे कुठे दिवसा मिळायला लागलीय. अंधारात बांधावरून चालत जायचं, ओल्या हाताने पेटी उघडायची. शॉक लागून देशात दरवर्षी बारा-तेरा हजार माणसं जातात. तो शॉक तुटलेल्या तारेचा, डीपीचा, मोटरच्या पेटीचा का घरातल्या कुलरचा, रात्री दोनला का दुपारी, हे कळलं तर वीज कंपनीला विचारता येईल. आत्ता विचारताच येत नाही.

तुमच्या एकूण आकड्याबद्दलही मला बोलायचंय, कारण पेपरात हेडलाइन त्याचीच होते. अपघाती मृत्यू 2010 मध्ये 3,84,649, 2014 मध्ये 4,51,757, लॉकडाऊनच्या 2020 मध्ये 3,74,397, 2022 मध्ये 4,30,504 आणि 2023 मध्ये 4 लाख 37 हजारांवर. हे वाचून वाटतं की बारा-तेरा वर्षांत फार काही बदललं नाही, थोडं वर थोडं खाली. पण आत बघितलं तर 2022 च्या आकड्यात 56 हजारांवर "आकस्मिक मृत्यू" आहेत आणि त्यातले 32,457 हार्ट अटॅकचे. हार्ट अटॅक हा अपघात कसा? रस्त्यात कोसळला, पोलिसांनी ए.डी. केली, म्हणून तो अपघातात मोजला गेला. म्हणजे एकूण आकड्यातला आठातला एक मृत्यू मुळात बाहेरच्या कारणाने झालेलाच नाही, आणि सापाने, बुडून, पडून गेलेले कितीतरी बाहेरच राहिलेत. एका बाजूने नको ते आत, दुसऱ्या बाजूने हवं ते बाहेर, अशा बेरजेवरून पन्नास वर्षांचा कल कसा काढायचा? त्यात लोकसंख्या शेवटची मोजली 2011 ला, त्यामुळे लाखामागे किती हा दर पण अंदाजाच्या लोकसंख्येवर.

हे पुस्तक 1967 पासून निघतंय. एवढा लांबचा धागा फार कमी देशांकडे असेल, म्हणून तर जीव तुटतो. तो धागा मध्येच तोडला पण जातो. 2013 पर्यंत शेतीत स्वयंरोजगार असा एकच गट होता, 2013 मध्ये त्यात आत्महत्या 11,772. 2014 ला वर्गवारी बदलली, शेतकरी 5,650 आणि शेतमजूर 6,710 असे वेगळे झाले, आणि लगेच कुणी म्हणालं आत्महत्या निम्म्या झाल्या. झाल्या नव्हत्या, रकाने बदलले होते. 2016 चं पुस्तक तर आलं नोव्हेंबर 2019 ला, मधली तीन वर्षं देशाला शेतकरी आत्महत्यांचा आकडाच नव्हता. आत्महत्या हा खरं तर वेगळ्या पत्राचा विषय आहे, 2023 मध्ये 1,71,418 आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, त्यावर मी इथे घाईत काही लिहिणं बरं नाही. फक्त एवढंच की तिथेही तोच उशीर आणि तेच रकाने.

उलट रस्त्याचं उदाहरण घ्या. तिथेही चित्र वाईटच आहे. 1970 मध्ये साडेचौदा हजार मृत्यू, 2000 मध्ये एकोणऐंशी हजार, 2010 मध्ये 1,34,513, आणि 2023 मध्ये 1,72,890, दिवसाला 474. आपण 2015 ला ब्राझीलमधल्या ब्राझिलियात रस्ते सुरक्षेच्या जाहीरनाम्यावर सही केली होती की 2020 पर्यंत निम्मे करू, ते झालं नाही, आता 2030 म्हणतोय. पण तिथे निदान कळतं. 2023 मध्ये हेल्मेट नसलेले 54,568 गेले, सीटबेल्ट नसलेले 16,025 गेले, कुठल्या प्रकारच्या रस्त्यावर, किती वाजता, चालणारा होता का दुचाकीवाला, सगळं छापतात. 2021 पासून पोलीस जागेवरच मोबाईल ॲपमध्ये अपघाताची माहिती भरतात, फोटोसकट, लोकेशनसकट. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर 2016 पासून प्रत्येक अपघाताची जागा आणि कारण शोधून दुरुस्त्या केल्या, कठडे, खांब, उभे राहणारे ट्रक, तर तिथले मृत्यू काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. रस्त्याला हे जमतं, कारण त्याला एक मंत्रालय आहे, एक फॉर्म आहे, विचारणारं कुणी आहे. (तरी 2022 ला त्या मंत्रालयाचा आकडा 1,68,491 आणि तुमचा 1 लाख 71 हजारांवर, दोन्ही पोलीस ठाण्यातूनच जातात, मग फरक का, हे एकदा दोघांनी बसून सांगावं.) बुडण्याला कुणी नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने डिसेंबर 2023 मध्ये बुडून होणारे मृत्यू टाळण्याची रूपरेषा काढली, मी वाचली, चांगली आहे, पण ती राबवायला लागणारी माहिती तुमच्याकडून यायची आहे आणि तुमच्याकडे ती तीन ओळींत आहे.

एक आकडा मला कायम आठवतो. राज्यनिहाय आजारांचा जो मोठा अभ्यास झाला त्यात 1990 मध्ये देशातल्या एकूण मृत्यूंत इजा आणि अपघातांचा वाटा 8.5 टक्के होता, 2016 मध्ये 10.7. त्याच काळात संसर्ग, बाळंतपण, कुपोषण यांचा वाटा 53.6 वरून 27.5 वर आला. म्हणजे जिथे देशाने मनावर घेतलं, लसी दिल्या, बाळंतपणं दवाखान्यात केली, तिथे माणसं वाचली. आमच्या आजीच्या वेळी बाळंतपणात बाई जाणं हे नशीब मानायचे, आज एक बाई गेली तरी माता मृत्यू म्हणून चौकशी होते, आशाताईपासून सिव्हिल सर्जनपर्यंत सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं. शेततळ्यात गेलेल्या माणसाला अजून नशीबच म्हणतात. भावाच्या दहाव्याला पन्नास जणांनी मला "त्याची वेळ आली होती" म्हणून सांगितलं. वेळ नव्हती आली. दोर नव्हता, पायरी नव्हती, कुंपण नव्हतं.

तर माझ्या मागण्या. कुणाची बदली करा, कुणावर कारवाई करा असं यात काही नाही.

1. अपघाती मृत्यूच्या फॉर्ममध्ये जागा आणि कामाचा रकाना घाला. बुडाला तर कुठल्या पाण्यात, विहीर, शेततळं, नदी, धरण, कालवा, हौद, आणि काय करत असताना. त्यासाठी आयसीडीचेच खण घ्या, नवीन शोधायची गरज नाही.

2. आत्महत्येच्या तक्त्यात आहे तसा व्यवसाय अपघाताच्या तक्त्यातही घ्या. शेतात काम करताना झालेला मृत्यू वेगळा दाखवा.

3. हार्ट अटॅक आणि तसले मृत्यू अपघाताच्या एकूण बेरजेतून काढून वेगळे छापा, आणि मागच्या वर्षांचे आकडे पण त्याच पद्धतीने दुरुस्त करून द्या म्हणजे तुलना करता येईल. वर्गवारी बदलली तर जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतीचे आकडे निदान तीन वर्षं शेजारी शेजारी द्या.

4. अहवाल पुढचं वर्ष संपायच्या आत आलाच पाहिजे. 2021 चा अहवाल ऑगस्ट 2022 मध्ये तुम्हीच आणला होता, म्हणजे जमतं.

5. आकडे पीडीएफमध्ये कोंडून ठेवू नका, जिल्हानिहाय उघडे द्या. तालुक्याचे दिले तर फारच उत्तम.

6. महानिबंधक कार्यालय, आरोग्य खातं आणि तुम्ही, तिघांनी वर्षातून एकदा आपापले आकडे समोरासमोर ठेवून फरक का आहे ते जाहीर लिहा, निदान सर्पदंश आणि बुडणं या दोन गोष्टींसाठी.

7. राज्याच्या आरोग्य विभागाला : 1 ऑक्टोबर 2023 पासून सुधारित जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे दवाखान्याने मृत्यूच्या कारणाचा दाखला निबंधकाला आणि जवळच्या नातेवाइकाला द्यायचाच आहे. त्यावर नुसती इजा न लिहिता ती कशाने झाली हे लिहायचं ट्रेनिंग ग्रामीण रुग्णालयापर्यंत द्या.

8. राज्याच्या कृषी विभागाला : सानुग्रह अनुदानाच्या फायलींमधून नावं काढून कारणनिहाय, जिल्हानिहाय गोषवारा दरवर्षी जाहीर करा. आणि इथून पुढे ज्या तळ्याला अनुदान द्याल त्याला कुंपण, चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि टायर-ट्यूब, हे झाल्याचा फोटो बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. आधीच्या तळ्यांना यासाठी वेगळे पैसे द्या, खर्च कागदाच्या मानाने फार थोडा आहे.

आमच्या तळ्याला आता कुंपण आहे. चार कोपऱ्यांत चार दोर सोडलेत, दर दोन फुटांवर गाठ, टोकाला ट्रॅक्टरची ट्यूब. फुटव्हॉल्व्ह साखळीला बांधलाय, काठावरूनच ओढून वर घेता येतो, आत उतरायचं कामच नाही. हे करायला एक दिवस लागला. पुतण्या आठवीत आहे, त्याने आणि मी मिळून दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शिवारातली सगळी शेततळी पायी फिरून वहीत उतरवलीत, कुणाचं, किती खोल, कुंपण आहे का, दोर आहे का, जवळ वस्ती किंवा शाळेची वाट आहे का, आधी कुणी बुडालं होतं का. वही पोलीस पाटलांना दाखवली, ते म्हणाले छान केलंत पण ही द्यायची कुणाकडे ते मला माहीत नाही. ग्रामपंचायतीतही तेच उत्तर मिळालं.

वही तयार आहे. कुणाकडे द्यायची तेवढं कळवा.

आपला,
मोठा भाऊ
ता. सिन्नर, जि. नाशिक